टायमर लागतो, पण दिवस मार्गी लागत नाही

पत्र

नमस्कार ताई,

मी सांगलीत राहते. घरूनच अकाउंट्स लिहिण्याचं आणि जीएसटी रिटर्न भरण्याचं काम करते. बावीस पार्ट्या आहेत. किराणा, हार्डवेअर, दोन कृषी सेवा केंद्रं, एक बेदाण्याचे व्यापारी, असे सगळे. मुलगा दुसरीत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे स्वयंपाकघर बरंचसं माझ्याकडेच. दिवसभर टेबलापाशी बसलेली असते, पण रात्री बघावं तर एकही काम धड पुरं झालेलं नसतं.

नणंदेच्या सांगण्यावरून फोनवर फोकस टायमरचं एक ॲप घेतलं. २५ मिनिटं लावायची, तेवढ्या वेळात स्क्रीनवर एक रोप वाढतं. मधे व्हॉट्सॲप उघडलं की रोप वाळतं. पहिले आठ दिवस भारी वाटलं. आता निम्मी रोपं वाळतात. पार्ट्यांचे फोन येतात, बिलांचे फोटो येतात, ओटीपी मागायचा असतो. कधी नेमकी टूबी (पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी) जुळवत असते तेव्हाच टायमर वाजतो आणि लिंक तुटते. मिस्टर संध्याकाळी चेष्टेने विचारतात, "आज किती झाडं मेली?" वर्षाचे पैसे भरून बसले आहे. याहून चांगलं दुसरं ॲप आहे का? की माझ्यातच शिस्त नाही?

— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार,

शिस्तीचं आधी निकालात काढू. बावीस पार्ट्यांची रिटर्नं महिन्याच्या महिन्याला जातात, घरचं जेवण वेळेवर होतं, मुलगा शाळेत पोचतो. बेशिस्त बाईच्या हातून हे होत नसतं. ॲपही मला वाईट वाटत नाही. पण ॲप ज्या कामासाठी बनलं आहे ते तुमचं अर्धंच काम आहे, आणि उरलेल्या अर्ध्यालाही तुम्ही तेच लावून बघताय.

हे २५ मिनिटांचं तंत्र कुठून आलं ते बघा. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस, अभ्यासात मन लागेना म्हणून, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर टेबलावर ठेवला आणि स्वतःशीच थोड्या मिनिटांची पैज लावली. त्यातून पुढे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती हा साचा तयार झाला. त्याचा एक कडक नियम आहे: फेरी अखंड हवी, मधे मोडली तर ती धरायची नाही. तुमच्या ॲपातलं रोप वाळतं ते याच नियमाने.

आता हा नियम कोणी केला? परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाने. पुस्तक त्याचं, परीक्षा त्याची, टेबलही त्याचं. धडा उघडण्याआधी कोणाच्या मोबाईलवर ओटीपी यायची वाट बघावी लागत नव्हती, आणि "मॅडम, मागच्या महिन्यातलं एक बिल राहिलंच की ओ" असा फोनही येत नव्हता. नियम त्याच्या कामाला चोख आहे. तुमच्या निम्म्या कामाला तो लागू पडत नाही आणि तो दोष तुम्ही स्वतःच्या नावावर लिहून घेतलाय.

म्हणून ॲप बदलण्याच्या आधी एक वही घ्या आणि कामाचे दोन भाग पाडा. एक, जे पूर्ण तुमच्या हातात आहे: बँकेच्या एन्ट्र्या, खरेदीची बिलं टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवणं, टूबी जुळवणं, आर-वनचा (विक्रीच्या रिटर्नचा) मसुदा करणं, थ्रीबीचे (कर भरायच्या रिटर्नचे) आकडे काढणं. दुसरं, जे पार्टीच्या हातात अडकलेलं आहे: राहिलेली बिलं, बँक स्टेटमेंट, कराचे पैसे भरणं, ओटीपी. पहिल्याला टायमर लावा. दुसऱ्याला कधीही लावू नका. हार्डवेअरवाले काका गोडाऊनमधून फोन उचलेपर्यंत तुमचं रोप जगेल की वाळेल हे कोणत्याच ॲपच्या हातात नाही. माझा अंदाज आहे की तुमची वाळलेली रोपं बहुतेक या दुसऱ्या भागातली असणार. दोन-तीन दिवस लिहून बघा, कळेलच.

लिहायची पद्धतही चिरिल्लोचीच आहे. ॲपवाल्यांनी ती सहसा घेतलेली नाही, हे मला खटकतं, कारण त्या तंत्रातला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. काम चालू असताना अडथळा आला की कागदावर एक खूण करायची. आपल्याच मनातून आलेला अडथळा असेल (दूध तापवायचंय, मुलाच्या वह्यांना कव्हर घालायचंय, जरा स्टेटस बघू) तर एक छोटा स्वल्पविरामासारखा टिंब वर काढायचा. बाहेरून आलेला असेल तर आडवी रेघ. बास. दिवसाच्या शेवटी टिंब जास्त दिसले तर प्रश्न आपल्या मनाचा आहे आणि तिथे टायमर मदत करतो. रेघा जास्त दिसल्या तर प्रश्न आपली वेळ लोकांना माहीत नसण्याचा आहे, आणि तो टायमरने सुटत नाही, लोकांना सांगून सुटतो. तुमच्या पत्रावरून मला तरी रेघाच दिसतायत.

आता दिवसाच्या आखणीबद्दल. इथे माझं मत जरा वेगळं आहे. तुमच्या धंद्यात दिवस आखायचा नसतो, महिना आखायचा असतो. रोज सकाळी सारखेच आठ टायमर लावणारी बाई १९ तारखेला रडकुंडीला येणार आणि २४ तारखेला उगाच दमणार. तुमच्या तारखा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या माहीत आहेत: जे टीडीएस कापतात त्यांचं चलन ७ला, आर-वन ११ला, टूबी १४ला हातात येते, थ्रीबी २०ला. तिमाहीवाल्यांचं (तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्यांचं) आर-वन १३ला आणि आपल्या महाराष्ट्रात थ्रीबी २२ला, शिवाय तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर चलनाने २५पर्यंत. याचा अर्थ १ ते १० विक्रीची बिलं गोळा करून आर-वन काढायचे दिवस. १४ ते २० जुळवाजुळव आणि कर. तिमाहीवाले सोडले तर २१नंतर महिना संपेपर्यंत मागे कोणी लागलेलं नसतं.

गंमत अशी की टायमरची खरी गरज त्या शेवटच्या दहा दिवसांत असते. २० तारीख डोक्यावर असताना कोणालाही कामाला बसायला टायमर लागत नाही, भीतीच बसवते. पण २३ तारखेला किराणावाल्याच्या बँक स्टेटमेंटच्या दोनशे ओळी टॅलीत चढवायच्या असतात, त्याची घाई कोणालाच नसते, आणि म्हणूनच ते काम पुढच्या महिन्याच्या १८ तारखेवर जाऊन आदळतं. तिथे २५ मिनिटांचं रोप लावा. रोज दोन-तीनच, पण महिनाअखेरचे हे दिवस सोडू नका. खरेदीची बिलं जशी येतील तशी याच काळात आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चढवून ठेवलीत, तर १४ला टूबी आली की तुमच्याकडे फक्त जुळवायचं काम उरेल. आज तुम्ही १४नंतर बिलं चढवता आणि जुळवताही, दोन्ही एकदम, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. चुकत असेन तर हे वाक्य सोडून द्या.

टूबी जुळवताना टायमर वाजतो आणि लिंक तुटते, हे तुम्ही लिहिलंय. इथे २५ मिनिटं हा आकडाच चुकीचा आहे. एक्सेलमध्ये एका बाजूला खरेदीचं रजिस्टर, दुसऱ्या बाजूला टूबी. रजिस्टरमध्ये बिल नंबर "केएस/२४५", टूबीत नुसता "२४५", म्हणून फॉर्म्युला दोन्ही बिलं न जुळलेली दाखवतो. ती हाताने जुळवायची. मग टॅक्समध्ये ९० रुपयांचा फरक राहतो; तो वाहतुकीच्या बिलाचा निघतो का ते बघायचं. फरकाचा माग डोक्यात घट्ट धरलेला असताना घंटा वाजली तर तो सुटणारच. अशा कामाला ४५ किंवा ५० मिनिटं लावा. बहुतेक ॲपांत सेटिंगमध्ये हे बदलता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घंटा वाजली तरी लगेच उठायचं बंधन पाळू नका. घंटा ही "आता पुढची सोयीची जागा आली की थांब" एवढीच सूचना. सोयीची जागा म्हणजे एका पुरवठादाराची सगळी बिलं संपणं. पुढच्या पुरवठादाराचं पहिलं बिल मात्र उघडायचं नाही.

आणि उठण्याआधी एक ओळ लिहायची. "पाईपवाल्याचं २४५ टूबीत नाही, त्यांना विचारायचं. पुढे २६०पासून." एवढीच. ही माझी टूम नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. पुढे २०१८मध्ये तेरेसा ग्लोम यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यांना आढळलं की उठण्याआधी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं, तर तो अडकलेला तुकडा बराच मोकळा होतो. अचानक सासूबाईंनी हाक मारली तरी ही ओळ लिहायला पंधरा सेकंद पुरतात. कुकरची शिट्टी थांबत नाही हे मान्य, पण पंधरा सेकंद ती थांबते.

आता फोन. तुम्ही टायमर त्याच फोनवर लावलाय ज्यावर बावीस पार्ट्या फोन करतात आणि बिलांचे फोटो पाठवतात. राखणदार आणि चोर एकाच खोलीत. टायमर लॅपटॉपवर न्या. विंडोज ११ असेल तर त्याच्या क्लॉकमध्येच फोकस सेशन आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. सेशन चालू झालं की ते नोटिफिकेशनही गप्प करतं. किंवा सरळ भांड्यांच्या दुकानातला फिरवायचा टायमर आणा. रोप नाही, आकडेवारी नाही, आणि मिस्टरांना चेष्टा करायला विषयही नाही.

फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका आणि मुलाची शाळा, मिस्टर, सासूबाई, माहेर यांना स्टार करून तेवढ्यांचे फोन येऊ द्या. त्यात एक गोम आहे. अँड्रॉइडमध्ये "रिपीट कॉलर्स" नावाचं एक बटण असतं. तेच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करेल तर तो फोन वाजतो. अडीअडचणीच्या वेळी ही सोय छान आहे, पण आपल्याकडचा दुकानदार पहिला फोन उचलला नाही की दुसरा लगेचच लावतो, तिसराही. म्हणून तुमच्या बाबतीत ते बटण बंद करा. ज्यांचं खरंच तातडीचं असू शकतं ते सगळे स्टारमध्ये आहेतच.

पण नुसता फोन गप्प करून पार्ट्या गप्प होत नाहीत. त्यांना वेळ द्यावी लागते. तुमच्याकडे साधं व्हॉट्सॲप असेल तर धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. त्यात "अवे मेसेज" असतो, तो वेळापत्रकाने लावता येतो. मजकूर उगाच इंग्रजीतून औपचारिक लिहू नका. "नमस्कार. बिलांचे फोटो पाठवून ठेवा, मी ११ ते १ कामात आहे. फोनवर १ ते २ बोलू. तातडीचं असेल तर 'तातडीचं' असं लिहा." एवढं पुरे. पहिले पंधरा दिवस लोक तरीही फोन करतील. उचलू नका, एक वाजता स्वतःहून करा. एक वाजता तुमचा फोन खरंच येतो हे एकदा कळलं की निम्मे लोक अकराला फोन करायचं सोडतात. उरलेल्यांत एखादा असतोच जो म्हणतो, "आधीच्या मॅडम लगेच उचलायच्या." त्याला गोड बोलून वाट बघायला लावा. अगदीच वाट बघत नसेल तर त्याची फी वाढवायचा विचार करा. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये.

ओटीपीचा तास वेगळा ठेवा, आणि त्या तासाला टायमर अजिबात नको. मालकीच्या आणि भागीदारीच्या दुकानांची रिटर्नं तुम्ही ईव्हीसीने (सहीऐवजी ओटीपी टाकून) भरता, म्हणजे ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर आणि ईमेलवर जाणार. मग सगळे मसुदे तयार करून ठेवायचे आणि एका बैठकीत चार-पाच पार्ट्या उरकायच्या. कोणत्या वेळी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं ते प्रत्येकाला एकदा विचारून वहीत लिहून ठेवा. किराणावाल्याची आणि कृषी सेवा केंद्राची वेळ सारखी नसते, पेरणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. सकाळीच निरोप टाकायचा: "आज साडेतीन ते साडेचारच्या मधे ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा." आणि त्या निरोपासोबत विक्री, खरेदी आणि भरायचा कर हे तीन आकडे पाठवा. आकडे न दाखवता ओटीपी घेण्याची सवय पार्टीला सोयीची वाटते, तुम्हालाही वेळ वाचल्यासारखा वाटतो, आणि पुढे कधी नोटीस आली की "आम्हाला काय माहीत, मॅडमनी भरलं" हे ऐकायला लागतं. आकडे बघून दिलेला ओटीपी पटकनही येतो, कारण "हे कशाचं?" असं विचारायला पार्टीचा फोन येत नाही.

घरातलं थोडक्यात. मुलगा शाळेत असतो ते तास जुळवाजुळवीला द्या, कारण ते सगळ्यात जपायचं काम आहे. तो घरी आल्यावर बिलं चढवणं चालतं. मधे त्याने पेन्सिलला टोक काढून मागितलं तरी बिल काही हरवत नाही. सासूबाईंना टायमरचं काटेकोर समजावून सांगू नका. "हे वाजलं की मी उठते" एवढं त्यांना कळलं तर पुष्कळ आहे, आणि बऱ्याच सासवा मग स्वतःच कोणी आलं तर "ती वाजल्यावर येईल" असं सांगायला लागतात. न सांगणाऱ्याही असतात. तुमच्या तुम्हाला माहीत.

१८, १९, २० या तारखांना टायमर वापरायचाच असेल तर उलटा वापरा: काम सुरू करण्यासाठी नाही, उठण्यासाठी. त्या दिवशी माणूस चार-चार तास खुर्चीतून हलत नाही, डोळे कोरडे पडतात, आणि संध्याकाळी सातला जीएसटी नंबरातला एखादा आकडा उलटसुलट होतो. कामात अडथळे आले की काम नेहमी लांबतंच असं नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये केलेल्या प्रयोगात उलट दिसलं: मधे मधे थांबवलेल्या लोकांनी काम लवकर उरकलं, पण त्यांच्यावरचा ताण आणि वैताग वाढला होता. आपल्या धंद्यात वैतागून लवकर उरकलेलं रिटर्न पुढच्या महिन्यात दुरुस्त करत बसावं लागतं. तेव्हा दर तासाला घंटा, उठायचं, गच्चीवर किंवा खिडकीशी जाऊन लांबचं काहीतरी बघायचं, पाणी प्यायचं. फोन टेबलावरच ठेवून जायचं.

मोजमापाबद्दल एक सांगते. ॲप तुम्हाला मिनिटं दाखवतं आणि तुमच्या मिस्टरांना झाडं दिसतात, पण दोन्हींतून काम किती झालं ते कळत नाही. संध्याकाळी वहीत पार्टीचं नाव आणि तिचं काय पूर्ण झालं ते लिहा: "बेदाणा: टूबी जुळली. हार्डवेअर: ओटीपी बाकी." तीन महिने असं लिहिलंत की कोणती पार्टी किती फी देते आणि किती वेळ खाते याचा हिशेब तुमच्यासमोर असेल. मला खात्री आहे की एक-दोन पार्ट्या सगळ्यात कमी देऊन सगळ्यात जास्त रेघा काढायला लावत असतील. फी ठरवताना ही वही समोर ठेवा.

आणि ॲपचे पैसे. भरलेले परत मिळतील या आशेवर राहू नका; वर्ष संपेपर्यंत २१ ते अखेरच्या दिवसांत ते रोप वापरा, आवडलंय ना तुम्हाला. पण वर्षाची वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाणार असेल. नुसतं ॲप फोनमधून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबा, "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स"मध्ये जा आणि ती तिथून रद्द करा. रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप साधारणपणे चालू राहतं, तेव्हा हे आजच करून टाकायला हरकत नाही. फक्त टूबीच्या मधे उठून करू नका.